धोंड्याचं वाण आणि तनुजाचं जर्मन

तनुजाच्या सासरी फ्रिज 'तो' होता, घड्याळ 'ती' होती आणि खिडकी 'ते' होतं. अर्थात हे तिच्यापुरतंच. शहराच्या उल्कानगरी भागातल्या त्या दुमजली घरात तिनं जागोजागी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या आणि प्रत्येक चिठ्ठीवर त्या वस्तूचं जर्मन नाव लिंगासकट लिहिलं होतं. जर्मन माणसानं जगातल्या यच्चयावत वस्तूंना लिंगं वाटून दिली आहेत आणि वाटताना कुणाला विचारलेलं नाही. मराठी माणसानं तरी कुठं विचारलंय म्हणा. आपली वाटणी आपल्याला पाळण्यातच मिळते, म्हणून तिचा वेडेपणा जाणवत नाही इतकंच. सासूबाई, सरूबाई, त्या चिठ्ठ्यांना काही म्हणत नसत. एकदाच देव्हाऱ्यावरची चिठ्ठी त्यांनी नखानं खरवडून काढली आणि म्हणाल्या, "देवाला कामून शिकवायलीस?"

तनुजा सिल्लोडजवळच्या एका गावची. तिचे वडील बन्सीनाना मका-कापसाचे खाऊनपिऊन सुखी शेतकरी, आई पारूबाई, आणि ही थोरली लेक, बी.एस्सी. झालेली. तिला स्थळ सांगून आलं ते असं, की गावानं तोंडात बोट घालावं. देवगाव रंगारीला काळीभोर जमीन, शहरात स्वतःचं घर आणि एकुलता एक मुलगा विश्वजीत जर्मनीत इंजिनिअर. मुलाचे वडील आप्पासाहेब बैठकीतच म्हणाले होते, "आमच्या विश्वजीतला निळं कार्ड हाय. ते ऐऱ्यागैऱ्याला देत नाहीत तिकडं." निळं कार्ड म्हणजे काय हे बैठकीतल्या एकालाही ठाऊक नव्हतं, पण सगळ्यांनी माना अशा डोलावल्या, जणू प्रत्येकाच्या घरात एकेक पडलेलं आहे.

लग्न झालं. विश्वजीत तीन आठवडे होता, त्यातला निम्मा वेळ पाहुणचारात गेला. जाताना विमानतळावर त्यानं सांगितलं, तिकडचा कायदा कडक आहे, बायकोला आणायचं तर तिला आधी जर्मन यावं लागतं, पहिल्या पातळीची परीक्षा पास हो, लगेच कागदपत्रं करतो. तनुजाला त्यात काही वावगं वाटलं नाही. परक्या घरी नांदायला जायचं तर तिथली रीत शिकावी लागते, हे तिला लहानपणापासून कुणी ना कुणी सांगतच आलं होतं. आप्पासाहेबांनी स्वतः गाडी काढली आणि सुनेला टीव्ही सेंटरजवळच्या रूपाली मॅडमच्या क्लासला नेऊन घातलं.

रूपाली मॅडमचा क्लास म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक खोली. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली फळा, समोर प्लॅस्टिकच्या खुर्च्या. मॅडम इथल्याच विद्यापीठात जर्मन शिकलेल्या, तनुजाहून दोन-चार वर्षांनीच मोठ्या असतील. समोर बसणाऱ्यांत नर्सिंग झालेल्या मुली, आयटीआयची पोरं आणि तनुजासारख्या दोन-तीन नव्या नवऱ्या. मॅडम शिकवत मराठीतून. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "इंग्रजी बाहेर चपलांजवळ ठेवून या. पंचवीस म्हणताना आधी पाच येतो, मग वीस. जर्मन माणूसही तसंच म्हणतो. इंग्रज उलटा आहे, आपण नाही." तनुजाला एकदम धीर आला. तो, ती, ते तर आपल्याकडंही आहेतच. तू आणि तुम्हीही आहेत.

त्या तू आणि तुम्हीनंच तिची फजिती केली. घरच्या माणसाशी फोनवर चार वाक्यं बोलायची असा अभ्यास होता. तनुजानं नवऱ्याशी बोलणं लिहिलं आणि सगळीकडं 'झी' घातलं, म्हणजे आदराचं तुम्ही.

मॅडम म्हणाल्या, "हे तुमचे मिस्टर आहेत की बँकेचे मॅनेजर?"

सगळा वर्ग हसला. तनुजा म्हणाली, "मी त्यांना अहो-जाहोच करते."

"जर्मनमध्ये नाही करता येत, तनुजाताई. नवरा म्हणजे 'डू'. तू."

त्या दिवशी भाकरी थापता थापता तिनं ते हळूच म्हणून पाहिलं. डू. काय करतोस तू? कसा आहेस तू? कानाच्या पाळ्या तापल्या. तीन आठवड्यांच्या संसारात जे सुचलं नव्हतं, ते ह्या एका अक्षरानं सुचवलं. खरं सांगायचं तर ती विश्वजीतच्या प्रेमात पडली ती इथं, परातीपुढं, त्याच्याशिवाय. आणि पडली ती चांगलीच पडली.

मग ती भाषेच्या मागं हात धुऊन लागली. सरूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. सकाळी त्यांना हाताला धरून न्हाणीघरात नेणं, तेल लावणं, शेकणं, पुन्हा दुपारी शेकणं, हे सगळं तनुजाकडं होतं. शेकताना ती मनात क्रियापदं चालवायची. मी आहे, तू आहेस, तो आहे. सासूबाई दुपारी झोपल्या की ती क्लासला पळायची आणि त्यांना जाग यायच्या आत परत यायची. जर्मन क्रियापदांतली काही अर्धी सुरुवातीला येतात आणि त्यांचं शेपूट थेट वाक्याच्या टोकाला. तोवर बोलणाऱ्याचा बेत काय आहे हे ऐकणाऱ्याला कळत नाही. तनुजाला ह्याची गंमत वाटायची. वाक्य पुरं होईस्तोवर थांबायचं, एवढंच ना? थांबण्यात तिचा हात कोण धरणार होतं!

आप्पासाहेबांना सुनेच्या जर्मनचा भारी अभिमान. पाहुणा आला, की चहाच्या आधी जर्मन. "सूनबाई, बोल गं जरा. पाव्हण्यांना ऐकू दे." मग तनुजानं पदर सावरून म्हणायचं, माझं नाव तनुजा, मी अमुक गावात राहते, मला स्वयंपाक आवडतो. पाहुण्यानं डोळे मोठे करायचे, "फाडफाड बोलती की हो!" म्हणायचं आणि मग चहा घ्यायचा. अस्वलाचा खेळ तरी रस्त्यावर होतो, हा घरात होत असे.

परीक्षा पुण्याला. पहिल्या वेळी ऐकण्याच्या भागात ती गडबडली. टेपमधला माणूस बोलला आणि गेलासुद्धा. हिची लेखणी पहिल्याच प्रश्नावर. नापास झाली. दुसऱ्या वेळी चांगल्या गुणांनी पास झाली आणि तिनं गल्लीत पेढे वाटले. रविवारी विश्वजीतचा फोन आला. तो फोन नेहमी आप्पासाहेबांच्या मोबाईलवर यायचा, बैठकीत, सगळ्यांना ऐकू जाईल असा. आधी वडील बोलायचे, मग आई, आणि शेवटी तनुजाच्या वाट्याला एक-दोन वाक्यं उरायची. तिनं आपल्या फोनवरून लावला, की तो हमखास मीटिंगमध्ये असायचा.

त्या रविवारी तो म्हणाला, "पास झालीस, बरं झालं. पण एवढ्याशानं काही होत नाही. इथं आलीस तर मुक्यासारखी बसशील. दुसरी पातळी कर, मग बघू."

"बरोबर हाय," आप्पासाहेब म्हणाले. सरूबाई गुडघा चोळत म्हणाल्या, "घाई काय हाय?"

इथं घोडं पेंड खाऊ लागलं. पण तनुजाला तसं वाटलं नाही. तिला आपलीच कमतरता दिसली. तिनं दुसऱ्या पातळीचं पुस्तक आणलं, आणखी चिठ्ठ्या चिकटवल्या. लग्नाला दोन वर्षं उलटून गेली. माहेरच्या बायका विचारायच्या, "अजून इथंच?" तर पारूबाई पटकन म्हणायच्या, "लेक शिकतीय ना आमची." शिकणं हे असं सोयीचं पांघरूण आहे, त्याखाली काहीही झाकतं.

मग एके दिवशी क्लासमधली मोनाली पेढे घेऊन आली. मोनाली म्हणजे चार महिन्यांपूर्वी दाखल झालेली नवी नवरी. तिला 'मी'च्या पुढचं क्रियापद अजून नीट येत नव्हतं. पुढच्या आठवड्यात नवऱ्याकडं निघाली होती.

तनुजानं विचारलं, "परीक्षा कधी दिलीस गं?"

"कुठली परीक्षा? मला लागतच नव्हती. यांचं निळं कार्ड आहे ना, जास्त शिकलेल्यांना मिळतो तो कामाचा परवाना. ते असलं की बायकोला भाषेची अट नसते. मी आपली तिकडं भाजी आणता यावी म्हणून येत होते."

पेढा तनुजाच्या हातातच राहिला. सगळे गेल्यावर ती रूपाली मॅडमपाशी गेली आणि विचारलं, हे खरं का?

"खरं आहे," मॅडम म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा उतरला. "तुमच्या मिस्टरांचंही निळंच कार्ड ना? पहिल्या दिवशी तुमचे सासरे सांगत होते. तुम्हाला माहीत नव्हतं? अहो, मला वाटलं, तुम्ही हौसेनं शिकताय."

हौस! तनुजा जिना उतरली ती ह्या शब्दाला शिव्या घालत. दोन्ही वेळा पुण्याला जाताना एसटीत उलट्या केल्या, ती हौस. सासूच्या गुडघ्यावर तेल चोळताना क्रियापदं घोकली, ती हौस. ज्या कार्डाची बढाई हे घर सोयरिकीच्या बैठकीपासून मारत होतं, त्याच कार्डानं तिची वाट केव्हाच मोकळी केली होती आणि तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. तिला इतका संताप आला, की रिक्षावाल्यानं कुठं जायचं विचारलं तर तिला पत्ताच आठवेना.

तिनं विश्वजीतला लिहिलं, परीक्षेची अट नाही हे तुम्हाला ठाऊक होतं का? त्यानं ते वाचलं. उत्तर आलं नाही. रविवारच्या फोनवर त्यानं नेहमीसारखं विचारलं, "आईचे गुडघे कसेत?" बैठकीत सासू-सासरे होते. तनुजा म्हणाली, "बरे आहेत."

कुठं विचारणार? ज्या घरात नवऱ्याशी बोलायला चार भिंतीही मिळत नाहीत, तिथं बाईनं भांडायचं तरी कुठं? आणि त्याच सुमाराला धोंड्याचा महिना लागला.

अधिक महिन्यात लेक-जावयाला घरी बोलवायचं, जावयाला नारायण मानून पाटावर बसवायचं, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं आणि पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, ही रीत. लग्नानंतरचा पहिलाच अधिक. बन्सीनाना तो सोडणार थोडेच? जावई यायला तयार नव्हता, सुट्टी नाही म्हणाला. नाना म्हणाले, मग फोनवर बसा. आप्पासाहेबांनाही ही कल्पना पसंत पडली; त्यात सिल्लोडच्या पाहुण्यांपुढं मिरवायची सोय होती. रविवारची दुपार ठरली. व्याही-विहीण गाडीनं आले, भावकी जमली, अंगणात मांडव पडला.

पाटाभोवती रांगोळी. पाटावर पितळी तांब्या आणि तांब्याला टेकवून तनुजाचा फोन. फोनमध्ये विश्वजीत, कुर्ता घालून, केस ओले. तिकडं सकाळ होती. शेजारच्या पाटावर तनुजा, नव्या साडीत. पारूबाईंनी जावयाला कुंकू लावलं. फोनला कपाळ कुठं असतं? त्यांनी अंदाजानं वरच्या कडेला, मधोमध बोट टेकवलं, आणि नेमकं तिथंच कॅमेऱ्याचं भोक.

"मला सगळं लाल दिसायलंय!" फोनमधून आवाज आला. मांडव हसून लोटपोट झाला. तनुजानं पदराच्या टोकानं कुंकू पुसलं. मग पारूबाईंनी फोनला ओवाळलं, अनारशांची परात फोनपुढं धरली. वाण पुरं होऊन वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद होईतो जावयाला पाटावरून उठता येत नाही. आज ह्याला मीटिंग लागणार नाही, हे तनुजाला तेव्हा कळलं.

आप्पासाहेबांना राहवलं नाही. "सूनबाई, बोल की आता जर्मनमधून. व्याह्यांनी कुठं ऐकलंय?"

तनुजानं मान वर केली. "गुटन मोर्गन, विश्वजीत."

मांडवात हशा उसळला. "नाव घेतलं, नाव घेतलं! उखाण्याबिगर!" बायका एकमेकींना कोपर मारू लागल्या. फोनमधला विश्वजीतही हसला. पण तनुजा हसत नव्हती.

"इश ब्राउखं कायनं प्र्युफुंग. दास वाइस्ट डू," ती म्हणाली. मला परीक्षेची गरज नाही. हे तुला ठाऊक आहे.

विश्वजीतचं हसू जागच्या जागी थिजलं. आजूबाजूला मात्र सगळे कौतुकानं बघत होते. बन्सीनाना चुलतभावाला म्हणाले, "बघ, कशी बोलतीय."

"झोल इश कोमन? या ओडर नाइन?" मी येऊ का? हो की नाही? इतकं साधं वाक्य तिला कोणीही पहिल्या महिन्यात शिकवलं असतं. ते म्हणायला तिला दोन-अडीच वर्षं लागली होती.

"अगं, छान बोलतेस की तू," विश्वजीत मराठीत म्हणाला आणि बाजूला बघू लागला.

"मराठी नको!" आप्पासाहेब गरजले. "जर्मनमधूनच जबाब दे, ऐकू दे सगळ्यांना."

बापानंच कोंडीत धरलं. विश्वजीतनं एकदा आईवडिलांच्या बाजूला पाहिलं, मग तनुजाकडं. ह्या मांडवात आपलं बोलणं हिच्याशिवाय कुणाला कळणार नाही, हे त्याच्याही ध्यानात आलं असावं. ज्या भाषेत बायकोशी तो आजवर एक शब्द बोलला नव्हता, तीत तो बोलला. सावकाश, सुटं सुटं, नापास पोराला शिकवावं तसं.

"नाइन." नाही. "माइनं मुटर ब्राउख्ट डिश." आईला तुझी गरज आहे. मग थोडं थांबून, "इश लेबं हिअर निश्ट अलाइन."

मी इथं राहतो, एकटा नाही. तनुजानं त्यात एखादा अनोळखी शब्द शोधला; एखादा तरी असेल, ज्याचा वेगळा अर्थ निघेल. नव्हता. परीक्षेत टेप निसटून जायची. आज एक अक्षर निसटलं नाही. ती ताठ बसून राहिली, कारण अंगावर नवी साडी होती आणि सगळं गाव बघत होतं.

टाळ्या पडल्या. "दोघं बी कसे बोलायलेत!" कुणी म्हणालं. बन्सीनानांनी धोतराच्या सोग्यानं डोळे टिपले. "काय म्हणले जावईबापू? आम्हाला बी सांग की, तनू."

सांगता आलं असतं. अनारसे लई आवडले, दिवाळीला येतो म्हणाले. सगळ्यांनी मानलं असतं, धोंडे वाढले असते, दिवस गोड झाला असता. तनुजाच्या ओठांवर ते आलंही. पण नानांचे ओले डोळे पाहून तिला ह्या माणसाला आणखी एकदा फसवणं जमेना.

"नाना, मी विचारलं, मी येऊ का. ते नाही म्हणले. मला परीक्षा लागतच नव्हती. सासूबाईंचे गुडघे शेकायला मी इथं पायजे, म्हणून ठिवलंय. आन् तिकडं ते एकटे ऱ्हात नाहीत."

फोन काळा झाला. बन्सीनाना आप्पासाहेबांकडं वळले. "व्याही, काय म्हणतीय ही?"

आप्पासाहेब मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा सैल करत होते. "नेटवर्क गेलं वाटतं," ते म्हणाले.

सरूबाईंनी पाय लांब केला आणि गुडघ्यावर हात ठेवला. "पोरगं लांब ऱ्हातंय, आजारीपाजारी पडतंय. त्याला बी कुणी लागतंच की," त्या म्हणाल्या. "येईल हळूहळू वळणावर."

म्हणजे ह्यांना ठाऊक होतं. बन्सीनानांनाही ते समजलं. भावकीतले दोघेतिघे चपला शोधू लागले. आत चुलीवर धोंडे शिजत होते, त्यांचा वास येत होता, आणि कुणाला वाढायला सांगावं की नाही हे घरातल्या बायकांना कळत नव्हतं.

पारूबाई मात्र उठल्या. त्यांनी अनारशांच्या परातीवर माश्या बसू नयेत म्हणून रुमाल टाकला, निरांजन बाजूला ठेवलं आणि लेकीच्या शेजारी येऊन बसल्या. तनुजाला वाटलं, आई आता जवळ घेईल. पारूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "तुला कळलं व्हतं, तेवढं पुरं व्हतं की गं तनू. मराठीतून कामून सांगितलंस? आता आम्हाला बी कळलं म्हणावं लागंल."